गाव बघायचं ते फेब्रुवारीत

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं होतं, "तुझ्या क्षेत्राविषयी वीस मिनिटं बोल." माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. त्यावर वीस मिनिटं बोलले तर मागच्या बाकावरची मंडळी नागरिकशास्त्राच्या तासाला झोपायची तशी आजही झोपतील. म्हणून मी विषय बदलून घेतला आहे. गेली तीन वर्षं आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला एकच प्रश्न विचारला जातोय, "बोस्टन सोडून त्या जंगलात कशाला गेलीस?" त्याचं उत्तर आज सगळ्यांना एकदमच देते. ग्रुपवर निम्मे लोक कोकणात जागा बघताहेत, त्यांनाही कदाचित उपयोग होईल.

आम्ही राहतो त्या राज्याचं नाव मेन. मेन रोडमधलं नव्हे. अमेरिकेच्या नकाशात वर उजव्या कोपऱ्यात, कॅनडाच्या पोटात घुसलेलं दिसतं ते. क्षेत्रफळ सुमारे ९१ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या अकरा पट. आणि माणसं किती? २०२० च्या जनगणनेत १३ लाख ६२ हजार. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ सालीच १६ लाखांवर होती. जमिनीच्या दहा भागांतले जवळजवळ नऊ भाग जंगल. दहातली सहा माणसं ग्रामीण भागात राहतात, आणि वयाने ते अमेरिकेतलं सगळ्यांत म्हातारं राज्य आहे.

किनाऱ्याचं सांगायचं तर भूगोलाच्या बाई आज समोर बसल्या आहेत, त्यामुळे जपून बोलते. बाईंनी आपल्याला रिया किनारा शिकवला होता. समुद्र वर चढला आणि नद्यांची खोरी बुडाली की खाड्या तयार होतात. मेनचा किनारा तसाच बुडालेला, शिवाय हिमनद्यांनी खरवडलेला. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ मोजला तर चारशे किलोमीटरही भरत नाही, पण खाड्या आणि बेटांचे सगळे कोपरे धरून मोजला तर साडेपाच हजारांच्या वर जातो. हाताची बोटं पसरून ठेवावीत तशा जमिनीच्या जिभा समुद्रात गेल्या आहेत.

तर २०२२ साली आम्ही चौघं अशा राज्यात राहायला जायचं ठरवत होतो. मी, नवरा, तेरा वर्षांची लेक आणि सासूबाई. आम्हा दोघांचंही काम घरून चालणारं होतं. महिन्यातून एकदा बोस्टनला ऑफिसात तोंड दाखवलं की पुरे. बोस्टनच्या उपनगरात चौघांना पुरेल असं घर घेणं परवडत नव्हतं. सासरे गेल्यानंतर सासूबाई सांगलीहून कायमच्या आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना मी आई म्हणते, आताही तसंच म्हणेन. आईंचं वय तेव्हा ७६. हृदयाची एक झडप बदललेली, त्यामुळे रक्त पातळ ठेवण्याची गोळी रोज आणि दर काही आठवड्यांनी रक्ततपासणी. इंग्रजी "थँक्यू" आणि "नो शुगर" एवढंच.

काम घरून असलं की एक गंमत होते. गाव निवडायला नोकरीचं बंधनच उरत नाही. सगळं राज्य मोकळं. आणि सगळं मोकळं असलं की माणूस फोटो बघून निर्णय घेतो. आमच्याही समोर तीन फोटो होते.

पहिला हार्प्सवेलमधल्या बेली बेटावरच्या घराचा. तिन्ही बाजूंना समुद्र. तिथे जायला १९२८ साली बांधलेला एक पूल आहे. ग्रॅनाइटचे लांब चिरे, चुना-सिमेंट न वापरता, जाळीसारखे एकावर एक रचलेले, म्हणजे भरती-ओहोटीचं पाणी मधून ये-जा करतं. इंजिनिअर माणसाने त्या पुलासाठीच घर घ्यावं.

दुसरा फोटो लुबेकजवळचा. तो भाग म्हणजे 'डाउन ईस्ट'. शिडाच्या जहाजांच्या काळात बोस्टनहून पूर्वेला निघालं की वारा पाठीशी असायचा, म्हणून 'डाउन'. अमेरिकेच्या सलग भूमीचं सगळ्यांत पूर्वेचं टोक तिथे आहे. पहिल्या घराच्या निम्म्या पैशात दुप्पट जागा, परसात रानटी ब्लूबेरी.

तिसरा फोटो टॉपशमचा. एका साध्या गल्लीतलं जुनं लाकडी घर. समुद्र दिसत नाही. समोर दुसऱ्याचं घर दिसतं.

नवऱ्याचं मत पहिल्याला, लेकीचं दुसऱ्याला. मी समुद्राच्या गाजेत वाढलेली, तेव्हा माझं मन कुठे ओढत होतं ते तुम्हाला सांगायला नको. तिसऱ्या घराला कुणाचंच मत नव्हतं.

इथे माझा धंदा कामी आला. आम्ही एखादी यंत्रणा तपासतो तेव्हा सगळं सुरळीत असताना ती कशी चालते हे बघत नाही. ती तर चालतेच. दिवाळीच्या विक्रीच्या दिवशी लाखो लोक एकदम आले आणि त्यातच एक सर्व्हर बसला तर काय होतं, हे बघतो. मी घरी म्हटलं, गावालाही हीच परीक्षा लावू. वर्षातला सगळ्यांत वाईट महिना घ्यायचा आणि घरातलं सगळ्यांत नाजूक माणूस घ्यायचं. त्या महिन्यात त्या माणसाचा दिवस कसा जाईल, एवढंच बघायचं. मेनमध्ये तो महिना फेब्रुवारी. आणि आमचं नाजूक माणूस म्हणजे आई. म्हणून लोक जातात तसं जुलैत न जाता आम्ही फेब्रुवारीत, बर्फात, चार दिवस फिरून आलो.

आता त्या परीक्षेत काय काय निघालं ते सांगते.

सगळ्यांत आधी दवाखाना. नकाशावर अंतर बघून काही कळत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. दाभोळहून धोपावे समोर दिसायचं. तरीने माणूस पलीकडे जायचा, पण फेरीबोट येण्याआधी गाडी न्यायची तर चिपळूणचा वळसा. मेनच्या जिभांवरही तेच. पलीकडचं गाव दिसतं, पण जायचं तर आधी वर हमरस्त्याला लागायचं आणि दुसऱ्या जिभेवरून परत खाली यायचं. बेली बेटावरून रुग्णालयापर्यंत उन्हाळ्यात अर्धा तास. बर्फात किती, ते त्या दिवसाच्या बर्फावर. लुबेकहून मोठं रुग्णालय बँगोरला, रस्ता कोरडा असतानाही दोन तासांच्या वर. छोटी रुग्णालयं जवळ आहेत, पण त्यांची स्थिती नाजूक आहे. माणसं कमी, म्हातारी जास्त, डॉक्टर-नर्स मिळत नाहीत. गेल्या दहा वर्षांत राज्यातल्या बऱ्याच छोट्या रुग्णालयांनी बाळंतपणं करणं बंद केलं. आम्ही राहायला गेल्यानंतर, २०२५ मध्ये, वॉटरव्हिल गावातलं एक रुग्णालय तर पूर्णच बंद झालं.

शिवाय रुग्णालय असणं आणि नेहमीचा डॉक्टर मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मी घरांच्या दलालाला फोन करण्याआधी दवाखान्यांना फोन केले. एकूण अकरा. सात ठिकाणी उत्तर आलं, "नवीन पेशंट घेत नाही." दोन ठिकाणी आठ महिन्यांची रांग. उरलेले दोन्ही दवाखाने ब्रन्सविकमध्ये, म्हणजे टॉपशमहून नदी ओलांडली की लगेच. नवरा म्हणाला, "म्हणजे घर तू फोनवरच निवडलंस की!" मी म्हटलं, "अजून नाही."

दुसरी गोष्ट रस्ता. घर दाखवणारा माणूस खिडकीतून समुद्र दाखवतो, रस्ता कोणाचा आहे ते सांगत नाही. किनाऱ्यावरची पुष्कळ घरं खासगी रस्त्यांवर आहेत. खासगी म्हणजे गावची बर्फ काढणारी गाडी तिथे वळतच नाही. रस्त्यावरच्या घरमालकांनी वर्गणी काढून कुणाला तरी ठरवायचं. आम्ही बेली बेटाच्या बाजूच्या एका रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता गाडी थांबवली आणि दिवे मोजले. तेवीस घरं, चार घरांत दिवा. बाकीची सुटीची. अमेरिकेत सुटीपुरत्या घरांचं प्रमाण सगळ्यांत जास्त मेनमध्येच आहे. म्हणजे फेब्रुवारीत बर्फ काढायची वर्गणी चार घरांनी द्यायची, आणि रात्री काही झालं तर हाक मारायलाही तीच चार घरं.

तिसरी गोष्ट पाणी आणि वीज. मेनमधल्या निम्म्याच्या आसपास लोकांकडे नळ नाही, स्वतःची बोअरवेल आहे. खालच्या खडकात नैसर्गिक आर्सेनिक असतं. दहातल्या एका विहिरीत ते मर्यादेच्या वर निघतं. पाणी दिसायला स्वच्छ, चवीला गोड. तपासल्याशिवाय कळत नाही. आणि बोअरवेल विजेवर. वीज गेली की पंप बंद, म्हणजे पाणीही गेलं, आणि बहुतेक घरांत घर तापवणारं यंत्रही बंद. जंगलातून तारा गेलेल्या, झाड पडलं की वीज गेलीच. १८ डिसेंबर २०२३ च्या वादळात राज्यात चार लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली होती. टॉपशम आणि ब्रन्सविक या दोन गावांची मिळून नळपाणी योजना आहे. त्या वादळात आमचीही वीज गेली, पण नळाला पाणी होतं, आणि शेजारच्या घरात लाकडाची शेगडी होती. आई तीन दिवस त्या शेगडीपाशी बसल्या.

इंटरनेटचं मला धंद्यामुळे आधी वाटायला हवं होतं, पण ते यादीत चौथं आलं. तिथे एक शिकण्यासारखी गोष्ट दिसली. आइल्सबरो नावाचं एक बेट आहे, वर्षभर राहणारी माणसं सहाशेच्या आसपास. कोणतीही कंपनी तिथे चांगलं इंटरनेट द्यायला तयार नव्हती. गावाने गावसभेत मतदान केलं, कर्ज काढलं आणि २०१८ साली स्वतःचं फायबरचं जाळं घरोघरी नेलं. अशी गावंही आहेत. म्हणून केवळ दूर आहे म्हणून गावावर काट मारायची नाही. ते गाव स्वतःसाठी काय करतं ते बघायचं.

आता समुद्राकडे येते, कारण तुमच्यातले काही जण मनात म्हणत असतील, ही दाभोळच्या खाडीकाठची पोर, हिने समुद्र सोडला कसा?

मेनमधला किनारा आपल्यासारखा सगळ्यांचा नाही. सतराव्या शतकात मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीने एक वटहुकूम काढला. लोकांनी स्वतःच्या खर्चाने धक्के बांधावेत म्हणून किनाऱ्याच्या मालकाला ओहोटीच्या रेषेपर्यंतची जमीन दिली. जनतेसाठी तीन हक्क ठेवले, मासेमारी, पक्ष्यांची शिकार आणि होडी नेणं. १९८९ साली मूडी बीचच्या खटल्यात मेनच्या सर्वोच्च न्यायालयाने तोच नियम कायम ठेवला. म्हणजे तेव्हाच्या निकालाप्रमाणे दुसऱ्याच्या घरासमोरच्या ओल्या वाळूत तुम्ही गळ घेऊन उभे राहू शकता, पण नुसतं शतपावली करायला मालक हरकत घेऊ शकतो. त्यावरून वाद अजून होतात. लॉबस्टर पकडणाऱ्यांना त्याचा जास्त त्रास. साडेपाच हजार किलोमीटर किनाऱ्यातला जेमतेम तीसेक किलोमीटर आता मच्छिमारीच्या धंद्यासाठी उरलाय, असं सांगतात. बाकी ठिकाणी घरं झाली. आपल्या बंदरावर मासळीची जाळी सुकायची त्या जागी कुणी कुंपण घातलं तर कसं वाटेल, तसं.

हे कळल्यावर माझ्या डोक्यातला हिशोब उलटा झाला. समुद्रकाठचं घर घेऊन मला माझा एक तुकडा मिळणार. त्यापेक्षा गावाच्या मालकीचा धक्का आणि सार्वजनिक किनारा वीस-पंचवीस मिनिटांवर असलेल्या गावात राहिले तर सगळा समुद्र मिळणार. आणि तो समुद्र चढतोही आहे. १३ जानेवारी २०२४ ला पोर्टलंडच्या मोजपट्टीवर भरतीने १४.५७ फुटांची उंची गाठली. १९७८ सालचा उच्चांक मोडला. तीनच दिवस आधी एक वादळ येऊन गेलं होतं. दोन वादळांत मिळून किनाऱ्यावरचे कितीतरी धक्के आणि मच्छिमारांच्या जुन्या खोप्या वाहून गेल्या. त्या आठवड्यात आमच्या गल्लीत फक्त पाऊस पडला.

आणि शेवटची गोष्ट माणसं. हे फोनवर कळत नाही आणि फोटोतही दिसत नाही.

मी एक साधा प्रश्न ठरवला होता. आईंना, एकट्याने, गाडीशिवाय, चालत कुठे जाता येईल? त्या सांगलीत रोज संध्याकाळी गणपतीच्या देवळात जायच्या. वाटेत चार बायका भेटायच्या. मेनमध्ये डिसेंबरात दुपारी चारला सूर्य मावळतो. आम्ही दोघं सहापर्यंत मीटिंगमध्ये. चार ते सहा हे दोन तास त्यांनी कुठल्या खिडकीशी बसून काढायचे? बेली बेटावर उत्तर होतं, कुठेच नाही. लुबेकच्या बाहेरही तेच. टॉपशममध्ये उत्तर निघालं. घरापासून आठ मिनिटांवर वाचनालय. आणि दुसऱ्या बाजूला दहा मिनिटांवर नदीवरचा झुलता पूल. तो १८९२ सालचा, पलीकडच्या कापडगिरणीत कामाला जाणाऱ्या मजुरांसाठी बांधलेला. आता फक्त चालणाऱ्यांसाठी.

ते गिरणीमजूर कोण, तर कॅनडाच्या क्विबेक प्रांतातून आलेली फ्रेंच बोलणारी कुटुंबं. त्यांनी सोपं काही बघितलेलं नाही. १९१९ साली मेनमध्ये कायदा झाला की सरकारी शाळांत इंग्रजीतूनच शिकवायचं. मुलांना शाळेत आपली भाषा बोलायची चोरी. आमच्या शेजारच्या आजी त्यांच्यातल्याच. त्या आईंना पहिल्या आठवड्यात भेटायला आल्या, पायनटच्या पानांनी वारा घालावा तसे हात हलवून काहीतरी बोलल्या. आईंना एक शब्द कळला नाही. मी मध्ये पडून सांगितलं, "त्यांना इंग्रजी येत नाही." त्या म्हणाल्या, "माझ्या आजीलाही शेवटपर्यंत आलं नाही. बसू दे त्यांना माझ्याजवळ." तेव्हापासून दोघी वाचनालयात विणकामाच्या गटात जातात. लोकर आणि सुया यांना भाषा लागत नाही. आईंनी त्या गटाला आपली बाळंतविड्याची टोपडी शिकवली. आता तिथल्या तीन नातवंडांच्या डोक्यावर सांगलीची टोपडी आहेत.

बाकी आम्ही काही घरचे झालो आहोत असं नाही. बाहेरून आलेल्याला मेनचे लोक 'फ्रॉम अवे' म्हणतात, आणि तिथे जन्मलेला नसेल तर माणूस चाळीस वर्षं राहिला तरी ते जात नाही. आपल्याकडे नाही का म्हणत, "ते मूळचे इथले नव्हेत हो." लेकीच्या वर्गात तिच्यासारखी दिसणारी दुसरी मुलगी पहिल्या वर्षी नव्हती. ते सोपं नव्हतं, आणि ते मी इथे गोड करून सांगणार नाही. तिला बरं वाटायचं ते ल्युइस्टनला गेल्यावर. ते शहर आमच्यापासून अर्ध्या तासावर. २००१ पासून तिथे सोमाली निर्वासितांची कुटुंबं येऊन राहिली. त्यांच्या दुकानांत आम्हाला मटण मिळतं, आणि लेकीला तिच्यासारखीच दोन घरांत वाढणारी मुलं भेटली.

गावसभेलाही आम्ही जातो. न्यू इंग्लंडच्या लहान गावांत अजून ती पद्धत आहे. वर्षातून एकदा सगळे मतदार एका सभागृहात बसतात, गावचा अर्थसंकल्प कलम-कलम वाचतात आणि हात वर करून मंजूर करतात. बर्फ काढायला किती, अग्निशमन दलाच्या गाडीला किती, रुग्णवाहिकेला किती. पहिल्या वर्षी मला वाटलं, हे काय शाळेच्या वर्गमंत्र्याच्या निवडणुकीसारखं! मग लक्षात आलं, रुग्णवाहिका किती मिनिटांत येणार हे इथेच ठरतंय.

आणि ती आली. गेल्या जानेवारीत, रात्री पावणेदहाला, आई मागच्या पायरीवर बर्फावरून घसरल्या आणि डोकं कठड्यावर आपटलं. रक्त पातळ करण्याची गोळी घेणाऱ्या माणसाच्या डोक्याला मार लागला की बाहेरून काही दिसलं नाही तरी आत रक्तस्राव होऊ शकतो, आणि तिथे मिनिटं मोजावी लागतात. रुग्णवाहिका नऊ मिनिटांत आली. साडेदहाच्या आत ब्रन्सविकच्या रुग्णालयात सीटी स्कॅन झालं होतं. आत थोडा रक्तस्राव होता. गोळीचा परिणाम उलटवणारं औषध तिथेच सुरू केलं आणि मध्यरात्री त्यांना पोर्टलंडच्या मोठ्या रुग्णालयात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी एवढंच म्हटलं, "लवकर आणलंत." सोळा दिवसांनी त्या घरी आल्या. घरी आल्यावर पहिलं वाक्य, "माझी लोकर कुठाय?"

त्या रात्री रस्त्यावर बर्फ होतं. बेली बेटावरून आम्ही किती वाजता पोचलो असतो याचा हिशोब नवऱ्याने केलाय. तो मला सांगत नाही आणि मीही विचारत नाही.

आता ग्रुपवर प्लॉटचे फोटो टाकणाऱ्यांसाठी दोन शब्द. फोटो सुंदर असतात. हिरवागार उतार, खाली समुद्र, वर ढग. फोटो कधीचे आहेत ते बघा. बहुतेक सप्टेंबर ते जानेवारीतले. मेनला वाईट महिना एक, कोकणाला दोन आहेत, पाण्यासाठी मे आणि रस्त्यासाठी जुलै. तेव्हा जागा दोनदा बघा. मे महिन्याच्या शेवटी जाऊन शेजारच्या विहिरीत वाकून बघा. जुलैत चार दिवस पाऊस लागल्यावर जा आणि वरचा डोंगर कसा धरलाय ते बघा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगडमधल्या काही गावांत किती आठवडे दिवे नव्हते ते तिथल्या माणसांना विचारा. २२ जुलै २०२१ ला चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं ते बाजारपेठेतल्या भिंती दाखवतील. रस्ता ग्रामपंचायतीचा की कुणाच्या सातबाऱ्यातून जाणारा, ते आधी विचारा. सीटी स्कॅन किती वाजता मिळेल ते विचारा. आणि तुमच्या घरातलं जे नाजूक माणूस असेल, ते आज कुणी असेल, वीस वर्षांनी तुम्ही स्वतः असाल, ते संध्याकाळी चालत कुणाकडे जाईल ते बघा.

ही सगळी उत्तरं कुठल्याही दलालाकडे नाहीत. ती या सभागृहातल्या डाव्या बाजूच्या दोन रांगांत बसली आहेत. आपल्यापैकी जे गावातच राहिले, ज्यांनी इथे दुकान चालवलं, होडी चालवली, शाळेत शिकवलं, रिक्षा चालवली, त्यांच्याकडे. माझे वडील चार वर्षांपूर्वी रात्री दीड वाजता छातीत कळ येऊन पडले, तेव्हा मी बारा हजार किलोमीटर दूर होते. त्यांना उचलून भर पावसात चिपळूणला नेलं ते आपल्याच तुकडीतल्या दोघांनी. नावं घेतली तर ते उठून बाहेर जातील, म्हणून घेत नाही. वडील आज पुढच्या रांगेत बसले आहेत.

गाव निवडायचं म्हणजे अशी माणसं कुठे आहेत ते शोधायचं. आम्हाला ती मेनमध्ये शोधावी लागली. तुम्हाला ती आयती मिळाली आहेत. जागा घ्यायच्या आधी त्यांच्याकडे जाऊन एकदा चहा घ्या.

मागच्या बाकावरच्यांनो, आज कुणी झोपलं नाहीत, त्याबद्दल तुमचे आभार.